कोणत्या खात्याचे तुम्ही?

शिरूर-दौंड भागात बोटीचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक तिच्या शेवटच्या दिवशी. महसूल खात्याच्या पथकाने भीमेच्या पात्रात अवैध वाळूउपसा करणाऱ्या बोटी पकडल्या आणि जिलेटिन लावून उडवल्या, अशी बातमी दर काही दिवसांनी असते. सोबत फोटो. मध्यभागी पाण्याचा उंच फवारा, त्यात फायबरचे तुकडे, आणि काठावर समाधानाने उभं असलेलं पथक. दिवाळीचे बार आमच्याकडे आभाळापेक्षा नदीतच जास्त उडतात. फायबर बोट कोणती आणि पाइपने वाळू ओढणारी सेक्शन बोट कोणती, हे इथल्या पाचवीतल्या पोराला कळतं. त्याला क्रूझ मात्र माहीत नसते.

त्यामुळे बोट हे सहलीचं साधन आहे, हे आमच्या लोकांना पटवणं जड जातं. बोट वाळूसाठी असते, मासळीसाठी असते, पलीकडच्या रानात जायला असते, महापुरात माणसं काढायला असते. पूर्वी काहीच हाताशी नसलं तर गुऱ्हाळावरची काहील पाण्यात लोटून माणसं पैलतीर गाठत. पण काहिलीत बसलेल्यालाही पलीकडे काहीतरी काम असायचं. काही आणायचं नाही, काही न्यायचं नाही, पलीकडे उतरायचंही नाही, नुसतं पाण्यावरून फिरायचं, असा माणूस भीमेने पाहिलेला नव्हता. तो आमच्या दाजींनी तिला दाखवला.

दाजी पुण्यात असतात. निवृत्त झाल्यावर ते आणि ताई टूरबरोबर युरोपला गेले आणि जर्मनीत ऱ्हाइन नदीवर ‘ऑटम क्रूझ’ करून आले. दोन्ही काठांना लाल-पिवळी झाडं, डोंगरावर किल्ले, हातात कॉफी. तिथून परतल्यापासून दाजींना आपल्याकडच्या नद्यांची कीव येऊ लागली. त्यांनी मला दौंडला फोन केला.

“तुझ्या दाराशी नदी आहे आणि तू घरात काय बसतोस? ऑक्टोबर लागलाय. ऑटम म्हणजे आपला शरदच की!”

शरद म्हटल्यावर कवींना चांदणं आठवतं, दौंडकरांना दुपार आठवते. पावसाळ्याची ओल अजून जमिनीत असते आणि वरून ऊन असं पडतं की ती ओल वाफ होऊन सदऱ्यात शिरते. पानगळीचं म्हणाल, तर आमच्या नदीकाठी शरदात पिवळं पडण्यासारखं एकच पान, ते उसाचं. आणि ते पिवळं पडलं की लोक फोटो काढत नाहीत, औषधाच्या दुकानाकडे पळतात. हे मी दाजींना सांगितलं. “वातावरणनिर्मिती मी करतो, तू बोट बघ,” ते म्हणाले.

त्यांचा मूळ बेत भव्य होता. शिरूरला घोड नदीत बोट सोडायची, घोडेवरून भीमेत, भीमेवरून दौंड, दौंडवरून थेट सिद्धटेक. मोबाइलच्या नकाशात निळी रेघ कुठे तुटलेली नाही, हा त्यांचा भक्कम पुरावा. मी म्हटलं, इंग्रजांनी शिरूरला छावणी टाकली, गावाला घोडनदी म्हणू लागले, पण प्रवासाला त्यांनी नदी सोडून घोडाच वापरला. त्याला काही कारण असेल. दाजी म्हणाले, इंग्रजांना दृष्टी नव्हती.

मग मी एकेक अडथळा मोजून दाखवला. शिरूरच्या खाली चिंचणीला घोड धरणाची भिंत आडवी आहे. “तिकडे ऱ्हाइनवर लॉक असतात. बोट आत घ्यायची, पाणी कमी करायचं, खालच्या अंगाला सोडायची,” दाजी म्हणाले. लॉक आमच्याकडेही असतं, पण ते दरवाज्याच्या चाकाला लावलेलं असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. मग कुकडीवरून सुरुवात करू म्हणाले. कुकडीवर शिरूरच्या टाकळी हाजी आणि पारनेरच्या निघोजच्या मध्ये ते प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. पाण्याने हजारो वर्षं दगडगोटे गरगर फिरवून कातळात रांजण कोरले आहेत. तिथे आमची फायबरची बोट घातली, तर तिचा रांजण व्हायला इतकी वर्षं लागणार नाहीत.

आणि या सगळ्यांतून वाचलं तरी बंधारे होतेच. भीमेवर आणि घोडेवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या मोऱ्या मोकळ्या असतात आणि नदी नदीसारखी वाहते. पाऊस सरला की साधारण 15 ऑक्टोबरनंतर मोऱ्यांत लोखंडी ढापे बसवतात आणि पाणी अडतं. म्हणजे युरोपातला माणूस ज्या महिन्यात नदीवर फिरायला निघतो, त्याच महिन्यात आमची नदी एकापुढे एक अशा तळ्यांची होते. काही ठिकाणी ढापेही ढापले जातात आणि तळंसुद्धा उरत नाही. शेवटी शिरूर वगळलं, चिंचणी वगळली, नदीही जवळजवळ वगळली, आणि आम्ही उजनीच्या फुगवट्यावर येऊन थांबलो.

उजनी ही एक अजब वस्तू आहे. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. 1980 साली ते पूर्ण झालं. त्याचं पाणी मागे सरकत सरकत दौंड तालुक्यातल्या खानोटा, राजेगाव, शिरापूरपर्यंत येतं. पाणी पुण्याकडून येतं, जातं सोलापूरला, आणि बुडालेली जमीन मधल्यांची. पावसाळ्यात ‘दौंडचा विसर्ग’ किती क्युसेक, हे दौंडकराला ठाऊक नसतं, पण सोलापूरकर सकाळी चहाच्या आधी विचारतो. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 च्या वर मृत, उरलेला सुमारे 54 जिवंत. मोजणी जिवंत साठ्याची होते, म्हणून तो संपला की उजनी शून्य टक्के होते आणि तरीही तिच्यातून पाणी उचलणं चालूच राहतं. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 59 टक्क्यांपर्यंत गेली. आता गंमत अशी, की त्या उणे 59 टक्क्यांतही कागदोपत्री तीसेक टीएमसी पाणी शिल्लक होतं, आणि पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी जेमतेम 29 टीएमसी होतं. त्या कागदात गाळ किती, तो भाग निराळा. हे ऐकून दाजी बराच वेळ गप्प होते. पुणेकराला गप्प करणारी आकडेवारी सहसा मिळत नाही, म्हणून मी ती पाठ करून ठेवली आहे.

बोट मिळाली ती एका भोई मामांची. चिलापी धरायची, पण आदल्या दिवशी धुतलेली. मामांनी आजवर माणसं मोजून नेली नव्हती, त्यांचा सगळा हिशोब मासळीच्या क्रेटमध्ये. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली.

“साहेब तीन क्रेट. बाई दीड. तुमी दोन धरू. बरफ लागत न्हाई, म्हणून तेवढं कमी करतो.”

दाजींनी तीनचे अडीच करायचा प्रयत्न केला. मामांनी त्यांना फक्त एकदा पुन्हा नीट पाहिलं. तीनच राहिले.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत मात्र मामा थट्टेला तयार नव्हते. मे 2024 मध्ये करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट अचानक सुटलेल्या वादळात याच पाण्यावर उलटली आणि सहा जण गेले. “वारं सुटलं की हे पाणी समुद्र हुतं,” मामा म्हणाले आणि दाजींच्या जॅकेटचे बंद त्यांनी स्वतः आवळले. दुपारी वारा दिसला तर मी विचारणार नाही, काठाला लावणार, हेही सांगून टाकलं. दाजींनी मान डोलावली. त्या दिवसात दाजींनी वाद न घालता मान्य केलेली ती एकच गोष्ट.

दाजींचा वेष बंदोबस्ताचा होता. डोक्यावर गोल टोपी, गळ्यात दुर्बीण, खिशाला दोन पेनं, हातात जाड पुठ्ठ्याची वही. वही पक्ष्यांची नोंद करायला. ताईने छत्री आणि धपाट्यांचा डबा घेतला होता. ती बावीस का पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती, त्यामुळे पर्समध्ये लाल पेन अजून असतं.

निघालो आणि पहिल्याच वळणावर काठावरून हाक आली.

“काय मामा, वाळूचं काय?”

“वाळू न्हाई. पाव्हणं हायेत. फिरायला आलेत.”

काठावर शांतता पसरली. मग तो गडी मोठ्याने म्हणाला, “असू दे, असू दे. आमी कुनाला सांगत न्हाई.”

दाजींना वाईट वाटलं. मी त्यांना समजावलं, की ‘फिरायला आलोय’ हे उत्तर या पाण्यावर याआधी ज्यांनी ज्यांनी दिलं, त्यांच्या बोटींचे फोटो नंतर पेपरात आले.

थोडं पुढे गेलो. फुगवट्याच्या काठाला मोटारींची रांगच्या रांग असते. पाणी जसं मागे हटतं तशी मोटार खाली न्यायची, पाइप जोडायचा, केबल वाढवायची, असा शेतकऱ्याचा उन्हाळाभर उद्योग. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं तेव्हा मोटार घराजवळ आणि मन शांत. पण केबलमध्ये तांबं असतं आणि तांब्यावर चोरांचा डोळा असतो. त्यामुळे दुर्बिणीतून मोटारीच्या दिशेने एकटक पाहणाऱ्या टोपीवाल्या माणसाबद्दल काठावरच्या शेतकऱ्याचं जे मत व्हायचं ते झालं. तो हातात काठी घेऊन पाण्यात गुडघाभर आला.

“काय बघताय?”

“खंड्या,” दाजी म्हणाले. मोटारीच्या पाइपावर खरोखरच एक निळाजर्द खंड्या बसला होता.

“खंडू इथं राहत न्हाई,” शेतकरी म्हणाला. “पुढं सरा.”

आम्ही पुढे सरलो. पण मोबाइल बोटीपेक्षा वेगात पळतो. पुढच्या गावापर्यंत निरोप पोचला होता आणि वाटेत त्याला बढतीही मिळाली होती. वाळूवाले नाहीत, केबलचोर दिवसा येत नाहीत, सोबत बाईमाणूस, हातात वही, म्हणजे सर्वे. तिथे चारपाच जण धुतलेले कपडे घालून उभे होते. दाजी बोटीत उभे राहून मोठ्याने मोजत होते, “पाणकावळे बारा... राखी बगळे तीन...” आणि लिहून घेत होते. काठावरचा एक म्हातारा कळवळून ओरडला, “साहेब, माझंबी लिवा! दीड एकर! बांधापर्यंत पाणी आलं हुतं!”

“आम्ही पक्षी मोजतोय,” दाजींनी सांगितलं.

“मोजा की. पक्षी झाले की आमचं मोजा. आमी हायेच हितं.”

खरं तर मोजण्यासारखं खूप होतं. उथळ पाण्यात चित्रबलाक एका पायावर तोल सांभाळून उभे होते. नदी सुरय डोक्यावरून गिरक्या घेत होते आणि चोच खाली करून धाडकन पाण्यात पडत होते. पाणकावळे काठीकाठीवर पंख पसरून वाळत बसले होते. दाजींना हवे होते ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. भिगवण इथून जवळ आणि भिगवणचं नाव फ्लेमिंगोमुळेच. मामांनी सांगितलं, ते थंडीत येतात आणि पाणी उतरून चिखल उघडा पडल्यावरच टेकतात. धरण भरलेलं असताना त्यांना काय काम?

म्हणजे पक्षीही इथे कामाशिवाय येत नाहीत. पट्टकादंब हंस थेट हिमालय ओलांडून हिवाळ्यात या पाण्यावर उतरतो, तो चरायला. चिलापी मूळची आफ्रिकेची, ती इथे आली माणसाच्या ताटासाठी आणि मग मूळच्या माशांना ढकलून घरजावई झाली. त्यांना कुणी कधी खातं विचारलं नाही. विनाकाम आलेले आम्ही तिघेच.

एका वळणावर जलपर्णीचा हिरवा गालिचा आडवा आला. मामांनी मोटार बंद करून वल्हं घेतलं. काठावर धुणं धुणाऱ्या मावशींनी विचारलं, “कुठलं तुमी?”

“पुण्याचे,” दाजी अभिमानाने म्हणाले. निदान इथे तरी खातं नव्हे, गाव विचारलं होतं.

“व्हय का? मग घ्या की ही घेऊन जाता जाता. तुमचंच सामान हाय.”

यावर उत्तर नव्हतं. मुळा-मुठा पुण्याचं सगळं पोटात घेऊन शिरूरच्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पुण्याने जे आंघोळीला वापरलं, भांड्यांना वापरलं आणि नको म्हणून सोडून दिलं, ते दौंड-इंदापूरच्या वाट्याला येतं आणि त्या खतावर जलपर्णी पोसते. दाजींनी वहीत काहीतरी लिहिलं. पक्षी नव्हता. मी विचारलं नाही.

सिद्धटेकला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. हे अष्टविनायकातलं एक स्थान, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, पण अलीकडचा काठ दौंडच्या शिरापूरचा. पूल होईपर्यंत पुण्याकडून येणारा प्रत्येक भाविक शिरापूरला गाडीतून उतरायचा, होडीत बसायचा आणि भीमा ओलांडून गणपतीला जायचा. भीमेवर नुसत्या हौसेने बोटीत बसण्याच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हेच, आणि त्यालाही देवाचं काम होतं. आता पुलावरून बस थेट पलीकडे जाते. म्हणून आम्ही घाटाला बोट लावली तेव्हा दुर्वा विकणारी आजी चकित झाली.

“पूल झालाय की आता! होडीनं का आला? नवस हुता का?”

दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी आमच्या प्रवासाचं पटण्याजोगं कारण सुचवलं होतं. ताईने ते ताबडतोब उचललं. “हो आजी, नवसच.” आजीचा चेहरा उजळला. तिने दुर्वांची जुडी जरा मोठी दिली. दाजी तत्त्वाचे, ते म्हणाले, “नवस वगैरे नाही, आम्ही केवळ आनंदासाठी...” आजीने ताईकडे सहानुभूतीने पाहिलं आणि आणखी एक जुडी दिली.

इथला गणपती उजव्या सोंडेचा. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलं. आणि इथली सगळ्यांना माहीत असलेली कथा पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांची. त्यांचा अधिकार गेला होता. त्यांनी इथे येऊन 21 दिवस रोज 21 प्रदक्षिणा घातल्या आणि गेलेला अधिकार परत मिळाला. प्रदक्षिणा म्हणजे टेकडीला वळसा, गाभाऱ्याभोवतीची गिरकी नव्हे. दाजी ऐकत होते. त्यांची निवृत्ती नुकतीच झालेली. “मला कुठलंही खातं परत नको आहे,” ते जरा जास्तच ठामपणे म्हणाले. दिवसभर काठाकाठाने लोक त्यांना जे देऊ पाहत होते, ते त्यांनी देवाच्या दारातही नाकारलं.

पण नाकारून खातं जात नाही. धपाटी-चटणी संपवून परत फिरलो तोवर बढतीची फाइल वरपर्यंत गेली होती. सकाळचे वाळूवाले दुपारी सर्वेवाले झाले होते, सर्वेवाले तिसऱ्या प्रहरी पाटबंधाऱ्याचे साहेब झाले, आणि सिद्धटेकला बोटीने जाऊन देवदर्शन घेतल्याचं कळताच थेट केंद्राचं पथक. एवढ्या वरच्या माणसाशिवाय पूल असताना बोटीने कोण जातं? ज्याने सकाळी काठी दाखवली होती त्याने दाजींना लांबूनच नमस्कार केला आणि पाइपाकडे बोट दाखवून ओरडला, “हाय बरं का साहेब तुमचा खंड्या! मी हलू दिला न्हाई!”

मामांच्या धक्क्यावर पंधरावीस माणसं, दोन खुर्च्या आणि एक टेबल होतं. टेबलावर नारळ होता. मामा हळूच म्हणाले, “मी काय बी सांगितलं न्हाई. मी म्हनलं फिरायला आलेत, पर त्यांनी ऐकलं न्हाई.” आणि एका तरुणाने पुढे होऊन दाजींच्या हातात कागद दिला. विषय होता, ‘नदीकाठच्या कृषिपंपांस दिवसा विज मिळनेबाबत.’ खाली तीसेक सह्या आणि सात अंगठे.

“अहो, मी कोणी नाही,” दाजी म्हणाले.

“साहेब, मोठी मानसं असंच म्हनत्यात.”

दाजींनी मदतीसाठी ताईकडे पाहिलं. ताईने कागद घेतला, चष्मा लावला, पर्समधून लाल पेन काढलं, आणि ‘विज’ची वेलांटी दीर्घ केली, ‘मिळने’तला न नळाचा होता तो बाणाचा केला. सगळे श्वास रोखून पाहत होते. कागदावर लाल शाई उमटलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आजवरचे अर्ज कोरेच परत आले होते किंवा आलेच नव्हते. मागून कुणीतरी कुजबुजलं, “बाई वरच्या दिसत्यात.”

“हे बघा,” दाजी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाले, “आम्ही फक्त नदी बघायला आलो होतो.”

“नदी उद्याबी हाय, साहेब,” तो तरुण म्हणाला आणि त्याने कागदाची दुसरी प्रत पुढे केली. “पोच तेवढी आजच्या तारखेची द्या.”